मासा उलटायचा नसतो

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की अख्खा शिजवलेला मासा एकदा टेबलावर ठेवला म्हणजे तो उलटायचा नाही. वरची बाजू वाढून झाली की चमच्याने आणि फोर्कने मधला कणा शेपटीकडून अलगद उचलायचा, डोक्याशी मोडायचा आणि बाजूच्या बशीत ठेवायचा. खालचं मांस मग उघडं पडतं, ते वाढायचं. चिनी कोळ्यांच्या घरात मानतात, की ताटातला मासा उलटला तर दर्यावर गेलेली होडी उलटते. हे ऐकून आमच्यातला एकही वेटर हसला नाही. अर्ध्यांचे बाप-भाऊ मांद्र्याच्या किनाऱ्यावरून होडी लोटत होते, त्यांना काय हसू येणार?

मी शाणू, कोरगावचा. घरी काजूची बाग, थोडी शेती, आणि त्या दोन्हीवर पोट भरणार नाही हे लहानपणीच कळलेलं. म्हणून हॉटेलात शिरलो आणि तिथेच केस पिकवले. त्यातली शेवटची आणि चांगली वर्षं गेली ती मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलच्या चिनी रेस्तराँमध्ये. मी तिथे कॅप्टन होतो. कॅप्टन म्हणजे जहाजाचा नव्हे. पाहुण्याला बसवायचं, काय खावं ते सुचवायचं, ऑर्डर किचनला सांगायची, मासा टेबलावर सोडवून वाढायचा आणि काही बिघडलं तर शिव्या खायच्या, असं हे पद.

चायनीज म्हटलं की आपल्या लोकांना जत्रेतला तो लालभडक गोबी मंच्युरियन आठवतो. माझी सख्खी बहीण, सर्वणला दिलेली, ती अजून सगळ्यांना सांगते की आमचा दादा मंच्युरियनच्या गाड्यावर होता. आता काय बोलणार! आमच्याकडे दारात शिरल्याशिरल्या काचेच्या टाक्या होत्या. एकीत शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, एकीत दोरीने नांग्या बांधलेल्या कुर्ल्या, आणि सगळ्यांत मोठीत चोणक. रायगडकडे ह्याला जिताडा म्हणतात. तेरेखोलच्या खाडीतला माणूस पिंपात घालून जिवंत आणून द्यायचा. पाहुण्याने बोट दाखवायचं, आम्ही जाळीने काढायचा, तडफडणारा मासा बादलीतून टेबलापाशी नेऊन दाखवायचा, आणि थोड्या वेळाने तोच मासा वाफवून, वर आल्याच्या आणि कांद्याच्या पातीच्या काड्या घालून समोर आणायचा. मग त्याच्यावर मी पळीने कडकडीत तेल ओतायचो. चर्रर्र आवाज व्हायचा, शेजारची चार टेबलं वळून बघायची. तो आवाज माझा होता. आज घरी बायको फोडणी घालते तेव्हा मला उगाच पळी हातात घ्यावीशी वाटते.

दुसरा नियम डोक्याचा. माशाचं तोंड टेबलावरच्या मानाच्या माणसाकडे ठेवायचं. पहिला घास त्याचा. आणि वरच्या बाजूच्या गालात रुपयाएवढी मांसाची वाटी असते, लोण्यासारखी मऊ, ती चमच्याने काढून त्यालाच द्यायची. आपल्याकडे तकलीचा, म्हणजे माशाच्या डोक्याचा, मान असतोच. आमच्या घरी आई चोणकाची तकली बाबांच्या ताटात घालायची आणि बाबा ती फोडून आतलं मऊ मऊ आम्हा पोरांच्या ताटात टाकायचे. बाबांच्या वाट्याला हाडं चोखणं यायचं. माणसाला मान दिला की तो मान असा पुढच्याकडे सरकतो, हे मला चिनी लोकांनी शिकवलेलं नाही.

त्या डोक्यावरून एकदा झालेली गंमत सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. खाणी जोरात होत्या तो काळ. डिचोलीकडचा एक खाण कंत्राटदार चीनहून आलेल्या खनिजाच्या गिऱ्हाइकांना घेऊन आमच्याकडे जेवायला आला. चिनी मंडळींनी हट्टाने माशाचं तोंड त्याच्याकडे करायला लावलं. यजमानाचा मान. सगळे चॉपस्टिक खाली ठेवून त्याच्या पहिल्या घासाची वाट बघतायत आणि हा घाम पुसतोय. मी वाकलो तसा कानात म्हणतो, "शाणू, आज सोमार रे! तकली फिरय."

सोमवारी मासा नाही म्हणजे नाही, मग समोर चीन असो नाहीतर साक्षात पोर्तुगालचा राजा. मी थाळी हळूच फिरवली. तोंड समोरच्या म्हाताऱ्या चिन्याकडे गेलं. म्हाताऱ्याला वाटलं, यजमानाने आपला मान आपल्याला दिला. तो उभा राहिला, वाकला, त्याचे डोळे भरले. पुढचं सगळं जेवण हसण्या-खिदळण्यात गेलं आणि हा आमचा कंत्राटदार गोड हसत नुसता भात आणि भाजी खात बसला. पुढे खाणी बंद पडल्या. तो माणूस परत कधी दिसला नाही. बहिणीकडे जाताना सर्वणच्या वाटेला त्याचे ट्रक दिसायचे, चाकं नसलेले, वेलींनी झाकलेले.

आता ल्यूदा.

ल्यूदा आमचे शेफ. चिनी, पण जन्म कलकत्त्याचा. बाप, आजोबा तिथल्या चामड्याच्या कामातले, हे स्वतः कोवळ्या वयात किचनमध्ये शिरलेले. हिंदी बोलायचे ती बंगाली वळणाची, त्यात बाई-बुवा असा भेद नाही. सगळे त्यांना ल्यूदा म्हणायचे. उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र पोर्तुगीज काळातल्या घंटेसारखा. चोणक वाफेवर ठेवला की ते घड्याळ बघत नसत. वाफेचा वास बदलला की झाकण उचलायचे. डोळा पांढरा होऊन बाहेर आलेला असायचा आणि कण्याजवळचं मांस जेमतेम सुटलेलं असायचं. "हड्डी छोड़ने को मन नहीं, मगर छोड़ देता है, वो टाइम," असं ते सांगायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून जास्त शिजलेला मासा मी पाहिला नव्हता.

ल्यूदा बाहेर हॉलमध्ये येत नसत. सुरुवातीला यायचे. मालकाला तर केवढी हौस! अस्सल चिनी शेफ म्हणून टेबलाटेबलांवर फिरवायचा, पाहुणे फोटो काढायचे. एकदा एका पाहुण्याने सांगितलं, जरा काहीतरी चिनीत बोलून दाखवा. ल्यूदांनी वाकून, हसून, बंगालीत त्याला काय ती शेलकी शिवी हासडली. टेबलाने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून ल्यूदा किचनच्या दाराबाहेर पडले नाहीत. त्या दाराला आमच्या खांद्याच्या उंचीवर एक गोल काच होती, आतला आणि बाहेरचा एकमेकांवर आदळू नये म्हणून. थाळ्या हातात असल्या की खांद्याने दार ढकलायचं आणि "दार!" म्हणून ओरडायचं. पलीकडे कोणी असेल तो बाजूला होतो.

बाहेर येत नसले तरी पाहुण्याची खबर त्यांना लागायची ती परत गेलेल्या थाळीवरून. माशाची थाळी त्यांनी बघितल्याशिवाय भांडीवाल्याकडे गेली तर खैर नसे. किती उरलं, कुठून खाल्लं, कणा कसा काढला, सगळं बघायचे आणि म्हणायचे, "ये आदमी भूखा नहीं था, बीवी से झगड़ा किया है." आम्ही बाहेरून बघून आलेलो असायचो. खरंच झगडा झालेला असायचा.

वर्षातून एक दिवस ल्यूदा आम्हा नोकरांना आपल्या हातचं जेवण घालायचे. त्यांच्या नव्या वर्षाचा आदला दिवस. तो नेमका आपल्या पौषातल्या अमावास्येला येतो. दुपारचे पाहुणे गेले की हॉलमधलं एक गोल टेबल किचनमध्ये आणून लावायचं. मध्ये अख्खा चोणक. तो सगळा संपवायचा नाही, थोडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा, म्हणजे नव्या वर्षात घरात उरतं, असा त्यांचा समज. बाजूला एक रिकामी खुर्ची, तिच्यासमोर वाटी, वाटीत भात, वर माशाचा तुकडा. माशाचं तोंड त्या खुर्चीकडे. गालाची वाटी ल्यूदा स्वतः काढायचे आणि त्या भातावर ठेवायचे. त्या भाताच्या वाटीला कोणी हात लावायचा नाही.

पहिल्या वर्षी मी विचारलं, "ये किसका है, ल्यूदा?"

"बेटी का," ते म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले.

आमचा सीनियर वेटर बाबली, आरोंद्याचा, त्याने टेबलाखाली माझा पाय दाबला. नंतर हात धुताना म्हणाला, "अमाशेच्या दिसा पान वाढलांसा, तोंड घालू नको. चेडू गेलेलां असा त्यांचां."

गेलेलं. मेलेलं. आमच्यात कोणालाच शंका आली नाही. समोर नसलेल्या माणसाचं पान वाढायचं, त्यातून अमावास्या, आणि पानाला कोणी शिवायचं नाही, ह्याचा आपल्या मुलखात दुसरा अर्थच नाही. बिचाऱ्याची मुलगी गेली, बायकोही नाही, म्हणून आम्ही सगळे ल्यूदांना जपायला लागलो. त्यांच्यासमोर कोणी आपल्या पोरींच्या गोष्टी काढायचा नाही. माझ्या मुलीचं बारसं झालं तेव्हा मी पेढेसुद्धा किचनमध्ये नेले नाहीत. एवढी आमची माया! आणि ती आंधळी माया त्या माणसाला किती एकटं पाडत होती ते आम्हाला कुठे कळायला?

असाच तो पौषातला अमावास्येचा दिवस. दुपारचे शेवटचे पाहुणे उठत होते. हॉलमध्ये लाल कंदील लावलेले. आता जेवण लावायचं म्हणून आमचे लोक हात पुसत उभे, तेवढ्यात एक बाई एकटीच आत आली. तिशी ओलांडलेली, केस आखूड कापलेले, अंगात साधा सुती शर्ट, हातात एक छोटी पिशवी. चेहरा म्हणाल तर नागालँडची, मणिपूरची, जपानची, कुठलीही असू शकेल. मांद्र्याला सगळ्या जगाचे लोक येतात, आम्ही चेहऱ्यांवरून गावं ओळखणं कधीच सोडून दिलेलं.

मी तिला खिडकीपाशी समुद्र दिसेल असं बसवलं. आमचं सगळ्यांत चांगलं टेबल. ती बसली, इकडेतिकडे बघितलं, उठली आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. समुद्राकडे पाठ. मला वाटलं, ऊन डोळ्यांवर येत असेल. मी पडदा ओढायला गेलो तर म्हणाली, "रहने दीजिए."

मेनू उघडलाच नाही. "पूरा चोणक, स्टीम."

मी म्हटलं, "मॅडम, पूरा मछली चार लोगों का होता है. हाफ कर देता हूँ?"

"हाफ नहीं. बचना चाहिए," ती म्हणाली.

टाकीतला मासा दाखवायला बादली आणू का विचारलं, तर मान हलवली. "शेफ को बोलिए, वो चुन लें."

मी किचनमध्ये जाऊन सांगितलं. ल्यूदा वैतागले. त्यांचं स्वतःचं जेवण लावायची वेळ झालेली. "अकेला आदमी, पूरा मछली? बचना चाहिए बोला? कौन है?" मी म्हटलं, कोणी बाई आहे. ते हात पुसत दाराकडे गेले, मी पाण्याचा जग भरायला वळलो. बाबलीने टाकीतला मासा आत नेऊन दिला आणि मी कामाला लागलो. आल्याचा सॉस बाहेर नेला, गरम पाणी नेलं, कारण तिने थंड नको म्हणून सांगितलं होतं. मग चहा. मग चॉपस्टिकची दुसरी जोडी, पहिली तिने खाली पाडली होती. प्रत्येक वेळी खांद्याने दार, "दार!", बाहेर, परत आत.

मासा यायला उशीर झाला. आला तो बघून मी चमकलो. डोळा जरुरीपेक्षा जास्त बाहेर, शेपटीकडची कातडी चिरलेली. मी तेल ओतलं, चमचा लावला तर मांस कण्यावरून आपसूक सुटून आलं. जास्त शिजला होता. ल्यूदांच्या हातचा! म्हटलं, म्हातारा थकला आता.

मी नेहमीसारखं माशाचं तोंड तिच्याकडे ठेवलं होतं. तिने दोन बोटांनी थाळीची कड धरली आणि थाळी फिरवली. तोंड तिच्यापासून लांब, समोर गेलं. समोर कोणी नव्हतं. त्या बाजूला होतं फक्त आमचं किचनचं दार. कंत्राटदाराचा सोमवार आठवून मी मनात हसलोसुद्धा. म्हटलं, हिलाही मान नको.

पहिला घास तिने तोंडात घेतला आणि थांबली. चघळलाही नाही. चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि समोर बघत राहिली. पाहुणा पहिल्या घासाला थांबला की काय ते कॅप्टनने समजायचं. आता ही मासा परत पाठवणार, आत ल्यूदा आकांडतांडव करणार. मी पुढे झालो. "सब ठीक है, मॅडम?"

"हाँ," ती म्हणाली. "बहुत अच्छा है." आणि खायला लागली. डाव्या हाताने, हळूहळू, नीट. अर्धा मासा खाल्ला, फक्त वरची बाजू. खालच्या बाजूला हात लावला नाही. जाताना तिने विचारलं, "शेफ बाहर आते हैं कभी?" मी म्हटलं, नाही, त्यांना आवडत नाही. ती म्हणाली, बरं, विमान गाठायचंय, आणि गेली. बाहेर तिची टॅक्सी उभीच होती. तेव्हा मोप्याचा विमानतळ नव्हता, दाबोळीला जायचं तर दुपारीच निघावं लागायचं.

बाबली थाळी उचलून आत घेऊन गेला. मी मागोमाग होतो. ल्यूदा दारातच उभे होते. त्यांनी थाळी बाबलीच्या हातातून घेतली आणि खाली बघितलं. कणा जागच्या जागी, मोडलेला नाही, मासा उलटलेला नाही. आणि थाळीच्या कडेला, पातीच्या दोन काड्यांवर, वरच्या गालाची ती वाटी काढून ठेवलेली. न खाल्लेली.

ल्यूदांनी ती दोन बोटांनी उचलली आणि तोंडात घातली. तिथेच, उभ्याने. मग थाळी ओट्यावर ठेवली आणि ते दार ढकलून बाहेर धावले. एप्रन, टोपी, पायात ते रबरी बूट, तसेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते हॉलमध्ये आले आणि टेबलांतून आपटत, धडपडत दाराबाहेर गेले. आम्ही मागे. गाड्या उभ्या राहायच्या जागेत धुरळा तेवढा होता. टॅक्सी माडांतून वळून हमरस्त्याला लागली होती.

"क्या हुआ, ल्यूदा? कौन था?"

"मेरा बेटी," ते म्हणाले. "मेई."

बाबलीच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे तां जितां असा?"

ल्यूदांना मालवणी येत नव्हती, पण हे त्यांना बरोबर कळलं. त्यांनी बाबलीकडे असं बघितलं, की मला तोंड लपवावंसं वाटलं. मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. ती वाटी मेलेल्यांची नव्हे. घरचं माणूस लांब असेल, येऊ शकत नसेल, तर त्या दिवशी त्याची जागा मांडायची, म्हणजे पुढच्या वर्षी ते येतं. आणि मुलगी लांब का, तर बायको कलकत्त्याच्या हॉस्पिटलात होती आणि नाताळचा सीझन होता. तेव्हाच्या हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं, नवं वर्ष होऊ दे, मग जा. हे थांबले. पोचले तेव्हा बायकोला नेलेलं होतं. सगळं त्या मुलीने एकटीने केलं होतं. ती एवढंच म्हणाली, की आता तुम्ही आयुष्यभर लोकांनाच मासे खायला घाला. आणि मावशीबरोबर कॅनडाला निघून गेली.

ह्या धंद्याबद्दल लोक मला विचारतात, मजा असेल ना, मोठमोठे लोक, समुद्र? मी त्यांना सीझनबद्दल सांगतो. दुनियेच्या आनंदाचे दिवस म्हणजे आमचे कामाचे दिवस. माझ्या बहिणीचं लग्न डिसेंबरात होतं. मी पोचलो तेव्हा पंगती उठलेल्या. ती अजून सगळ्यांसमोर म्हणते, "दादा इलो, पण हात धुवूक." सगळे हसतात, मीपण हसतो. ल्यूदांच्या बाबतीत हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी रजा मागितली नाही असं नाही, ते भांडले नाहीत एवढंच. मासा टाकीत होता, पाहुणे टेबलावर होते, आणि आपण गेलो तर मासा कोण शिजवणार हा विचार त्यांच्या डोक्यात होता. हा विचार आमच्या सगळ्यांच्या डोक्यात घातलेला असतो. घालणारे बरोबर माणसं हेरतात.

त्या दिवशी आम्ही जेवलोच नाही. दाबोळीला फोन कोणाला करणार? मुलीचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. माझी मोटारसायकल होती, मी म्हटलं, बसा मागे, गाठू. ते नाही म्हणाले. का नाही, ते मला तेव्हा समजलं नाही. मी तर चिडलोसुद्धा. म्हटलं, अहो, पोर एवढ्या लांबून आली, आता तरी जिवाचा आटापिटा करा! ते उठून आत गेले आणि टाक्यांचं पाणी बदलायला लागले.

त्यानंतर त्यांचं विचारणं सुरू झालं. पाहुण्याकडे बघणं हे माझं काम, तेव्हा माझ्याकडे जेवढं होतं तेवढं मी दिलं. "दुबला हो गया है?" नाही, बरी आहे. "बूढ़ा लगता है?" अहो, तरुण आहे अजून. "अंगूठी?" नव्हती. "कौन से हाथ से खाया?" डाव्या. हे ऐकलं की ते हसायचे. शाळेत मास्तरांनी मारून मारून बदलायला बघितलं, नाही बदलला, म्हणायचे. भाजी चिरताना, कुर्ल्या बांधताना, चहा पिताना, कधीही विचारायचे, आणि मी तेच तेच सांगायचो. एक प्रश्न मात्र दर वेळी शेवटी यायचा.

"मछली कैसा लगा उसको? पहला कौर?"

"अच्छा लगा. बहुत अच्छा बोला," मी म्हणायचो.

तिने तसं म्हटलं होतंच. मध्ये थांबली ते मी सांगत नव्हतो. कॅप्टनची जात ती! पाहुणा काय बोलला ते किचनला सांगायचं, पाहुण्याचं तोंड कसं झालं ते आपल्यापाशी ठेवायचं, नाहीतर किचन आणि हॉल एका छपराखाली नांदणार नाहीत. शिवाय मुलीला बापाच्या हातचा मासा फसलेला मिळाला, हे त्या बापाला कुठल्या तोंडाने सांगू?

पुढचं नवं वर्ष आलं. त्यांनी खुर्ची मांडली, वाटी भरली. आता आम्हाला अर्थ कळलेला होता. बाबलीने दाराकडे बघत राहायचं ठरवूनच ठेवलं होतं. ती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग ल्यूदांचे गुडघे गेले, वोकच्या कढईपाशी उभं राहवेना, आणि ते कलकत्त्याला भावाकडे जायला निघाले. मी त्यांना मडगावच्या स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसलो होतो, मी त्यांच्यासाठी पाव आणि चहा आणलेला. तर पुन्हा तेच.

"शानू, पहला कौर?"

"अच्छा लगा, ल्यूदा."

"झूठ बोलता है," ते शांतपणे म्हणाले. "मछली ज़्यादा पका था. मालूम है मुझको. मैं दरवाज़ा पर खड़ा था. ढक्कन उठाने का टाइम निकल गया, मैं काँच से देखता रहा."

मी चहा खाली ठेवला.

त्यांनी तिला पहिल्यापासून बघितलं होतं. मी आत जाऊन सांगितलं, ते उठून काचेपाशी गेले, तेव्हाच ओळखलं होतं. मासा वाफेवर चढवला आणि पुन्हा काचेपाशी आले. पुढे पाऊल पडेना. काय बोलायचं तिच्याशी, हेच सुचेना. ती उठेल, आत येईल, शिव्या देईल, मग आपण बोलू, असं वाटत राहिलं. आणि ती जाईपर्यंत ते तिथेच उभे होते.

"अब सच बोल," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. घास घेतला, चघळलाही नाही, थांबली. चॉपस्टिक खाली ठेवल्या. समोर दाराकडे बघत राहिली. बराच वेळ.

ल्यूदांनी डोळे मिटले. "छोटा था तब से मेरा मछली खाया है वो. एक कौर में समझ गया, बाप कहाँ खड़ा है."

गाडी आली. मी पिशव्या आत ठेवल्या. त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. पावसाळा सरता सरता त्यांच्या भावाचा फोन आला, ल्यूदा गेले म्हणून. मेईला कळवलं का, विचारलं. तो म्हणाला, पत्ता असता तर कळवलं असतं.

आता मी घरीच असतो. समुद्र दिसत नाही, काजूची झाडं दिसतात. दुपारी डोळे मिटले की ते टेबल समोर येतं. समुद्राकडे पाठ करून ती बसली आहे, माशाचं तोंड दाराकडे फिरवलेलं. दार हललं की ती मान वर करते. सॉस घेऊन मी येतो. पुन्हा दार हलतं, पाण्याचा जग घेऊन मी. पुन्हा हलतं, चहा घेऊन मी. आतून मी "दार!" म्हणून ओरडतो आणि काचेपाशी उभा असलेला म्हातारा मला वाट द्यायला बाजूला होतो. प्रत्येक वेळी ते दार उघडत होतं, आणि प्रत्येक वेळी बाहेर मीच येत होतो.